हिरव्या बाजूचे मोहरे

अहमदनगर, दि. १९ नोव्हेंबर १९७२

मुक्ताबाई सूर्यभान निमसे,

नावाच्या आधी काय लिहावे हे ठरत नाही, म्हणून नुसते नाव लिहिले आहे. 'सौभाग्यवती' लिहावे तर ते वाचणारे कोणी उरले नाही, आणि 'कैलासवासी' लिहिण्यास हात वळत नाही. असे पत्र पाहून तू हसली असतीस. हसण्याचे कारण नाही. मला काही गोष्टींचा खुलासा हवा आहे आणि तो मागण्याची दुसरी रीत मला अवगत नाही.

आज सकाळी कादर नावाचा एक गृहस्थ आपल्या क्वार्टरच्या दारात येऊन उभा राहिला. झेंडीगेटजवळच्या गल्लीत त्याचे खरादाचे दुकान आहे. लाकूड कातून तो लाटणी, पाळण्याचे खुंट, पलंगाचे पाय करतो. सांत्वनासाठी आला असेल असे समजून मी त्याला बसण्यास सांगितले. तो बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "दिपोटीसाहेब, लाल बाजू झाली. आता हिरव्या बाजूला वादी कोन ओढनार?"

चौतीस वर्षे शाळा तपासण्यात गेलेल्या माणसाला एखादे वाक्य अजिबात न कळणे ही नामुष्कीची गोष्ट आहे. मी त्याला पहिल्यापासून सांगण्यास बजावले. तेव्हा कळले ते असे. कादरचा खराद विजेवर चालत नाही. लाकूड दोन खिळ्यांमध्ये आडवे धरतात, त्याला चामड्याच्या वादीचे वेढे देतात, आणि समोर बसलेल्या माणसाने ती वादी दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढायची, म्हणजे लाकूड फिरते आणि कादर पटाशी लावून ते कातू शकतो. हे ओढण्याचे काम त्याची बायको हमिदा करी. तिची मनगटे सुजू लागल्यापासून ते बंद पडले. आणि मग तुझ्या वडिलांसाठी बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचा संच कातून घेण्याकरिता तिथे कोण जाऊन बसले, तर शाळा तपासनीस सूर्यभान निमसे यांची पत्नी. मी शेवगावला, राहुरीला तपासणीस गेलो की दुपारी, गल्लीत, गोणपाटावर.

तुझ्या वडिलांचा, म्हणजे काकासाहेबांचा, जुना इराणी घाटाचा संच गोदावरीच्या पुरात गेला हे मला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांची दृष्टी गेली हेही ठाऊक आहे. बाजारात मिळणारे मोहरे त्यांच्या बोटांना लागू पडत नाहीत, कारण त्या घोड्यांचे कान मोडतात आणि राजा-वजीर एकसारखे लागतात. इराणी घाटाच्या मोहऱ्याला तोंडच नसते, नुसता घुमट, गळा आणि कंगोरा, त्यामुळे आंधळ्यालाही तो हातात ओळखता येतो, हे तू मला एकदा जेवताना सांगितले होतेस आणि मी ऐकले होते. परंतु तू वडिलांना शब्द दिलास, स्वतः वादी ओढायला बसलीस, अर्धा संच पुरा केलास आणि साध्या तापाच्या निमित्ताने निघून गेलीस, हे सर्व मला एका खराद्याने सांगावे?

तुझ्या तळहातांना घट्टे पडले होते. मी विचारले तेव्हा तू म्हणालीस, विहिरीचा रहाट जड चालतो. त्यावर मी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. तिचा पाठपुरावा केला. शेवटी त्यांनी रहाट बदलून दिला. साऱ्या वसाहतीने माझे आभार मानले. तूही मानलेस. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी समाधान समजलो होतो.

कळावे.

सूर्यभान


अहमदनगर, दि. १० डिसेंबर १९७२

मुक्ता,

तुझ्या वडिलांचे कार्ड आले आहे. पोस्टमास्तरकडून लिहवून घेतलेले दिसते. तुझा उल्लेख नाही, माझी चौकशी नाही. मजकूर एवढाच: मोहरे कधी?

मी उलट टपाली कळवले की संच पुरा होईल. हे लिहून टाकल्यावर तो कसा होईल याचा विचार करावा लागला.

प्रथम मी वादी ओढण्यास मजूर शोधला. मिळाला नाही. हात चालणारा प्रत्येक माणूस दुष्काळी कामावर खडी फोडतो आहे, तिथे रोज मिळतो आणि वर सुकडी मिळते. बुद्धिबळाची प्यादी करण्यास यावे असे कोणालाही वाटत नाही, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मग स्टेशन रोडला एकाचा विजेचा खराद आहे तिथे गेलो. त्याने तुझे लाल प्यादे नमुना म्हणून घेतले आणि वीज असलेल्या वेळेत एक हिरवे करून दिले. ती पलंगाच्या पायाची लहान आवृत्ती होती. कादरला दाखवली, तर त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि रॉकेलच्या बाटलीला बूच म्हणून बसवली. अगदी घट्ट बसली.

हा कादर म्हणजे एक प्रकरण आहे. त्याचे पूर्वज निजामशाहीत इराणातून आले आणि दरबारासाठी मोहरे कातीत, असे तो सांगतो. पुरावा मागितला तेव्हा त्याने पटाशी दाखवली. कोपऱ्यातल्या हत्तीला तो रुख म्हणतो, आपल्या उंटाला फील म्हणतो, म्हणजे हत्ती, आणि आपण सगळे पिढ्यान् पिढ्या चुकीचे खेळतो असे त्याचे मत आहे. मी त्याला सांगितले की महाराष्ट्रात कोपऱ्यात हत्तीच उभा असतो आणि तसाच राहील. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. त्याला कुटं जायाचंय?"

त्याच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. लाल बाजू संपत आली तेव्हा तू त्याला म्हणाली होतीस, "हिरव्यांचं मी नंतर सांगते." काय सांगणार होतीस? कादरच्या मते तुला हिरव्याची छटा सांगायची होती, पोपटी की गर्द. मला वाटते लाकडाबद्दल असेल, कारण हळदूचा जो ओंडका तू आणून दिलास त्याच्या एका टोकाला गाठ आहे. यावर आमचा पुष्कळ वाद झाला. तो मिटवणे तुझ्या हातात होते. एक वाक्य पुरे करून जाण्यास किती वेळ लागतो?

सूर्यभान


अहमदनगर, दि. १४ जानेवारी १९७३

मुक्ता,

आज संक्रांत. शेजारणीने तिळगूळ आणून दिला आणि डोळे पुसले. मी आभार मानले आणि झेंडीगेटला गेलो.

होय, मीच बसतो. रविवारी आणि कचेरी सुटल्यावर, धोतराचा सोगा खोचून, तुझ्याच गोणपाटावर. गल्लीतली माणसे प्रथम थांबून पाहत. एका शिक्षकाने मला पाहून सायकलवरून उतरून नमस्कार केला आणि पुन्हा सायकलवर बसून निघून गेला. आता सर्वांना सवय झाली आहे. मला झालेली नाही.

हे काम दिसते तसे नाही. लाकूड कादरकडे फिरते तेव्हाच त्याची पटाशी कातते. उलटे फिरते तेव्हा त्याने ती उचलून घ्यायची असते. म्हणजे ओढणाऱ्याचा हात आणि कातणाऱ्याचा हात एका श्वासात चालला पाहिजे. मी नियमित ओढतो. अगदी घड्याळाप्रमाणे ओढतो. तरी कादर दर थोड्या वेळाने पटाशी खाली ठेवतो आणि आढ्याकडे पाहतो. काल म्हणाला, "साहेब, तुमी वादी ओढत न्हाई. हजेरी घेताय."

मी विचारले, फरक काय.

"हजेरीत पोरगं दचकतं," तो म्हणाला. "तसं लाकूड दचकतंय."

प्रत्येक ओढीच्या शेवटी माझा हात झटका देतो म्हणे. त्यामुळे मोहऱ्याच्या अंगावर बारीक वळ्या राहतात. उजेडात धरले तर मला दिसत नाहीत, पण नखाने चाचपले तर लागतात, हे मान्य करणे भाग आहे. तुझे लाल मोहरे मी चाचपून पाहिले. ते अंड्यासारखे गुळगुळीत आहेत.

मी म्हणालो, घासून काढा. तो म्हणाला, घासले तर गळा बारीक होईल, घाट बिघडेल, आणि घाट बिघडवणे त्याच्या पूर्वजांना चालणार नाही. पूर्वजांना तीन उंट कसे चालतात हे मात्र मी विचारले, कारण बोलण्याच्या नादात त्याने हिरवे उंट तीन कातले आहेत आणि लागतात दोन. तो म्हणाला, "आसू द्या एक जास्त. दुष्काळ हाय."

हमिदा उंबऱ्यावर बसून मिलो निवडत असते. त्या लाल जोंधळ्यातून खडे निघतात तितक्याच तिच्या तोंडातून सूचना निघतात. काल ती मला म्हणाली, "आक्का ओढताना बडबडायच्या. तुमी गप ऱ्हाता. गप मानसाची वादी झटके मारती."

तू काय बोलत होतीस, असे मी विचारले.

"तुमच्याबद्दल."

"काय?"

"आता ते सांगून काय करता साहेब. ओढा."

मी ओढले. आणखी काय करू शकत होतो? बत्तीस वर्षे मी घरी येऊन दिवसभराचे सर्व सांगत असे आणि तू ऐकत असायचीस. तुला बोलायला आवडते हे मला परक्या माणसांकडून, गोणपाटावर बसून कळावे, यात काही न्याय आहे असे मला दिसत नाही.

एक व्यावहारिक बाब. फेब्रुवारीअखेर मी सेवानिवृत्त होतो. क्वार्टर एप्रिलअखेर रिकामी करून द्यायची आहे. शेवगावहून माझ्या धाकट्या भावाचे, आसारामचे, पत्र आले; त्याने माझ्यासाठी माडीवरची खोली झाडून घेतली आहे आणि तिला पांढरा रंग द्यावा की निळा असे विचारतो. मी पांढरा कळवला. तुझ्या वडिलांचे आणखी एक कार्ड आले आहे. मजकूर तोच.

सूर्यभान


अहमदनगर, दि. ४ मार्च १९७३

मुक्ता,

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, तीन भाषणे. एका भाषणात माझ्या शिस्तीचे वर्णन 'कठोर पण न्यायी' असे केले गेले. ते वाक्य मीच त्या गृहस्थांना त्यांच्या साहेबांच्या समारंभासाठी पूर्वी लिहून दिले होते.

हिरवा राजा झाला. ज्या दिवशी तुझी ट्रंक उघडली त्याच दिवशी तो झाला. मला ट्रंक उघडायची नव्हती, परंतु क्वार्टर रिकामी करायची म्हणजे सगळेच उघडावे लागते. साड्या शेजारणींना दिल्या. कोणती कोणाला द्यावी याबद्दल तू काहीही सांगून ठेवलेले नाहीस. जांभळी इरकल घेताना दोघींची नजर एकाच वेळी तिच्यावर पडली आणि दोघीही 'तुम्हीच घ्या' म्हणू लागल्या. मी ती परत ट्रंकेत ठेवली आणि कोणालाच दिली नाही. त्यानंतर झेंडीगेटला जाऊन बसलो.

कादरने थोडे कातले आणि थांबला. "साहेब, आज ऱ्हाऊ द्या. राजा हाय."

मी म्हणालो, आजच. एप्रिल जवळ आला आहे आणि तुम्ही ईदेपासून आज-उद्या करीत आहात. माझा आवाज चढला होता. गल्लीतले लोक बाहेर आले. कादरने माझ्याकडे पाहिले, पटाशी घेतली आणि मुकाट्याने राजा कातला. वळ्या आहेत. त्या राजावर सर्वांत जास्त आहेत. दुसऱ्या दिवशी मी तो मोहरा नव्याने करण्याची मागणी केली. कादर म्हणाला, हळदू संपला, आणि असता तरी केला नसता. मी कारण विचारले.

"झाला त्यो झाला," तो म्हणाला. "राजा दोनदा करत न्हाईत."

हाही पूर्वजांचा नियम असावा.

मग लाख चढवली. फिरत्या मोहऱ्यावर लाखेची हिरवी कांडी टेकवली की ती घासून तापते, वितळते आणि लाकडाला धरते. वरून केवड्याचे वाळलेले पान दाबले की चकाकी येते. हे करताना मात्र मी ओढण्यात चूक केली नाही असे हमिदादेखील म्हणाली. छटेचा वाद मी मिटवला. गर्द हिरवा घेतला. तुझ्या मनात पोपटी असेल तर नाइलाज आहे.

काल मी संचाची रीतसर तपासणी केली. लाल आणि हिरवे मोहरे जोडीजोडीने उभे करून उंची पट्टीने पाहिली, बैठक पाटीवर ठेवून डळमळते का पाहिली, तागडीत घालून वजने पाहिली. घाटात बालाग्राचाही फरक नाही. वळ्या सोडल्या तर शेरा मारण्यास जागा नाही. कादर बाजूला उभा राहून विडी ओढत होता. म्हणाला, "जुळी पोरं हायती. रंग सोडला तर आई बी वळखनार न्हाई."

आम्हा दोघांनाही या वाक्याचा अभिमान वाटला.

कादरने त्याच संध्याकाळी खराद उकलून बांधून ठेवला. दुकान सोडून तो आणि हमिदा आज भिवंडीला मुलाकडे गेले. इथे कोणाला ना पाळणा हवा आहे ना पलंग. त्यांना एस.टी. स्टँडवर पोहोचवायला मी गेलो होतो. गाडीत बसल्यावर हमिदाने खिडकीतून मला जवळ बोलावले. "आक्का म्हनायच्या, साहेबांना रिटायर होऊ द्या, मग त्यांना मी पटावर बसवते. तितं त्यांना शेरा मारता येनार न्हाई."

गाडी सुटली. त्यावर उत्तर देण्याची संधी मिळाली नाही.

सूर्यभान


अहमदनगर, दि. १६ एप्रिल १९७३

मुक्ता,

काल पुणतांब्याला काकासाहेबांकडे जाऊन आलो. जे झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे कोणाची चूक किती हे स्पष्ट राहील.

सकाळच्या गाडीने उतरलो. नदीत पाणी नाही. पात्रात झिरे खोदून बायका वाटीने हंडे भरत होत्या. काकासाहेब ओसरीवर बसले होते. वाळले आहेत. त्यांचे सर्व करणाऱ्या भागूबाईने माझ्या पायांवर पाणी घातले आणि तुझ्या नावाने रडू लागली, तेव्हा काकासाहेब म्हणाले, "मागनं रड. पट आन."

पट पुरातून वाचला होता, कारण तो कणगीवर झाकण म्हणून ठेवलेला होता, आणि अजूनही तिथेच होता. भागूबाईने तो पदराने पुसला. तुला माहीतच आहे, त्यातले एक घर उंच आणि एक खोल आहे, त्यामुळे बोटांना घरे कळतात. मी पिशवीतून मोहरे काढून त्यांच्या पुढ्यात ओतले. त्यांनी एक उचलला. "वजीर." दुसरा उचलला. "घोडा." मग हत्ती, उंट, प्यादे. एकदाही अडले नाहीत. मला फार समाधान वाटले. मी उंची, बैठक आणि वजने यांची माहिती दिली. त्यांनी ती ऐकून घेतली.

मग म्हणाले, "झ्याक हायती. ह्यातली माजी कंची, जावईबापू?"

मी म्हणालो, "लाल."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "लाल," ते म्हणाले. "बरं. आन लाल म्हंजी बोटाला कसं लागतं?"

भागूबाईने तोंडाला पदर लावला.

मुक्ता, त्या क्षणी मला कळले की तू हिरव्यांचे नंतर काय सांगणार होतीस. गळ्याला एक चर. बुडाशी एक खाच. बोटाला लागेल अशी कोणतीही एक खूण. छटा नव्हे आणि गाठ नव्हे. आम्ही दोन शहाण्या माणसांनी हिवाळाभर पट्टी, पाटी आणि तागडी घेऊन दोन्ही बाजू तंतोतंत एकसारख्या केल्या, त्या एका आंधळ्या माणसासाठी. तुझ्यावर मी पुष्कळ चिडलो आहे. पण त्या ओसरीवर मला पहिल्यांदा असे वाटले की तू आत्ता इथे हवी होतीस, आणि तेही हसण्यासाठी.

मी भराभर बोलू लागलो. हिरव्यांना दोरा बांधू. चाकूने खाचा पाडू. भिवंडीचा पत्ता शोधून कादरला पत्र टाकू. मी म्हणालो, चूक माझी आहे, तपासणी मी केली होती. काकासाहेबांचे लक्षच नव्हते. त्यांनी एक प्यादे हातात घेतले होते आणि अंगठा त्याच्यावर हळूहळू फिरवीत होते. ते त्यांनी उजवीकडे ठेवले. दुसरे घेतले, अंगठा फिरवला, डावीकडे ठेवले. मग राजा. मग घोडा. आम्ही पाहत राहिलो. उजवीकडे सगळे लाल होते. डावीकडे सगळे हिरवे होते.

भागूबाई म्हणाली, "आबा, बराबर हाय. समदं बराबर हाय."

"ही मुक्तीची," उजवीकडे हात ठेवून ते म्हणाले. "ती सांगायची मला, वादी म्या ओढती म्हनून." म्हणजे त्यांनाही ठाऊक होते. मला सोडून साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असावे. मग त्यांनी डावीकडचा राजा पुन्हा उचलला आणि त्याच्या अंगावरून नख फिरवले, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक वळीवर थांबत. "आन हिला कोन ओढत हुतं?"

"मी," मी म्हणालो.

"लई रागात हुता तुमी."

मी म्हणालो, होय.

"कुनावर?"

"तिच्यावर."

"मी बी," ते म्हणाले, आणि हिरवा राजा माझ्या बाजूला त्याच्या घरात ठेवला.

मग आम्ही खेळलो. मला फारसे येत नाही हे त्यांना लगेच कळले. ते देशी रीतीने खेळतात. मी प्यादे दोन घरे पुढे टाकले तर त्यांनी बोटांनी चाचपून ते एक घर मागे आणले. मी नियमाचा दाखला दिला. ते म्हणाले, "इतं एकच घर चालतं. दमानं." त्यांनी माझे दोन्ही उंट खाल्ले. तिसरा माझ्या खिशात होता. तो काढण्याचा मोह झाला, हे लिहून ठेवतो.

गाडीची वेळ झाली तेव्हा माझ्या राजाला शह होता. मी उठलो आणि मोहरे गोळा करू लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"डाव मोडू नका. खेळी तुमची हाय."

भागूबाई म्हणाली, पट असाच राहिला तर कणगीवर काय झाकू. काकासाहेब म्हणाले, "कनगीत हाय काय झाकायला?"

रात्री उशिरा घरी पोहोचलो. गाडीत बसायला जागा असूनही उभा राहून आलो, कारण बसले की पट डोळ्यांपुढे येई आणि त्या शहातून सुटका दिसत नसे. आज सकाळी दाढी करताना दिसली. वजिराला पुढे करायचे नाही. घोडा मागे घ्यायचा.

सूर्यभान


अहमदनगर, दि. २९ एप्रिल १९७३

मुक्ता,

आसारामला कळवले की खोलीला कोणताही रंग देऊ नये. त्याचे रागाचे पत्र आले: सासुरवाडीला कायमचे जाऊन राहणे तुम्हाला शोभते काय, लोक काय म्हणतील, चुना आणून ठेवला आहे त्याचे काय. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. मी त्याला एवढेच लिहिले की एक डाव अपुरा आहे आणि खेळी माझी आहे. हे वाचून त्याचे समाधान होणार नाही.

काकासाहेबांचेही कार्ड आले. पहिल्या ओळीत: 'भागूबाई पटाला हात लावू देत नाही.' दुसऱ्या ओळीत: 'किती विचार करता?' कार्डात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. लाल शाई हाताशी होती. दुरुस्त केल्या नाहीत.

तुझ्या मनाप्रमाणे झाले, हे येथे नमूद करतो. मला कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही, आणि मी पटावर बसलो आहे. यापुढे तुला लिहीन की नाही हे सांगता येत नाही. तिथे बोलायला माणूस आहे, आणि तो मधे बोलतो.

सामान सकाळी मालगाडीने पुणतांब्याला रवाना केले. जांभळी इरकल माझ्या पिशवीत आहे, ती भागूबाईला द्यावी की काय, हे ठरलेले नाही. जाण्यापूर्वी विहिरीवर जाऊन एक बादली पाणी ओढले. रहाट अगदी हलका चालतो. कुरकुरतसुद्धा नाही.

सर्व खोल्या झाडून घेतल्या, खिडक्या लावल्या. दरवाजास कुलूप लावले आणि किल्ल्या कचेरीत परत केल्या.

सूर्यभान